थांबा कोण ठरवतो? रस्त्याकडेची जुनी हॉटेले आणि कुटुंबासाठीच्या उद्याच्या गाड्या

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून मुंबईच्या वेशीपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला महिंद्राने मुंबईत चार ‘कॉन्सेप्ट कार’ लोकांसमोर मांडल्या. या दोन बातम्यांनंतर सर्वसामान्य वाचकांच्या मनात दोन वेगवेगळे प्रश्न उभे राहिले. एवढा मोठा रस्ता झाला, मग त्यावर चहा-भजीचे एक साधे हॉटेल का सापडत नाही? आणि जी गाडी विकायला येणारच नाही, ती एवढा खर्च करून दाखवतात कशासाठी?

हे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात, असे माझे मत आहे. कुटुंबाने प्रवासात कुठे, किती वेळ आणि कशामुळे थांबायचे, हे आजवर गाडीच्या यंत्राने आणि रस्त्याच्या आखणीने ठरवले आहे. जुनी हॉटेले त्या थांब्यावर उभी राहिली, द्रुतगती मार्गांनी तो थांबा काढून घेतला, आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या तो पुन्हा आणत आहेत. परत येणारा हा थांबा कोणाच्या दारात असेल, हे अजून ठरलेले नाही. म्हणूनच हा विषय आत्ताच समजून घेण्यासारखा आहे.

कॉन्सेप्ट कार म्हणजे नेमके काय?

कॉन्सेप्ट कार म्हणजे कंपनीने आपली कल्पना आणि कसब दाखवण्यासाठी, एखाद-दुसऱ्या प्रतीतच घडवलेली नमुन्याची गाडी. आपल्याकडच्या लग्नातले रुखवत आठवले, तर तिचे स्वरूप चटकन लक्षात येते. रुखवतात मांडलेले पदार्थ पंगतीत वाढायचे नसतात. मुलीकडच्या मंडळींचा हात कसा आहे आणि त्यांची हौस किती आहे, हे त्यातून दिसते. कॉन्सेप्ट कारचे आरसे कधी नुसते कॅमेरे असतात, दारांना कड्या नसतात, आसने दिवाणखान्यातल्या कोचासारखी असतात आणि कित्येकदा ती गाडी मंचावरून खाली उतरण्यापुरतीच चालते.

१९३८ साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीत हार्ले अर्ल या रचनाकाराच्या देखरेखीखाली तयार झालेली ‘ब्यूक वाय-जॉब’ ही सर्वसाधारणपणे पहिली कॉन्सेप्ट कार मानली जाते. त्या काळात आणि पुढेही बराच काळ अशा गाड्यांमध्ये वेग आणि दिमाख यांवरच भर असे. कुटुंबाचा विचार करून केलेल्या नमुन्यांत १९६४ सालची फोर्ड कंपनीची ‘ऑरोरा’ ही लांबलचक गाडी लक्षणीय आहे. तिच्या मागच्या भागात मुलांसाठी काचेच्या पडद्याने वेगळा केलेला कप्पा होता. प्रवासात मुलांना गुंतवून ठेवायचे आणि मोठ्यांना निवांतपणे बोलता आले पाहिजे, ही आजच्या नमुन्यांमागची इच्छा तेव्हाही तीच होती.

अशी गाडी दाखवण्यामागे कंपनीचे व्यावहारिक हेतू असतात. लोकांना आकार आवडतो का, हे साचे आणि यंत्रसामग्री यांवर शेकडो कोटी रुपये ओतण्याआधी कळते. कंपनी पुढची पाच-सात वर्षे कुठल्या दिशेने जाणार, याचा संदेश गुंतवणूकदारांना आणि सुटे भाग पुरवणाऱ्यांना मिळतो. पुण्याच्या चाकण आणि पिंपरी परिसरातल्या छोट्या कारखानदारांना या संदेशाचे मोल चांगलेच ठाऊक आहे, कारण उद्या कुठला भाग लागणार आणि कुठला बंद होणार, याची पहिली चाहूल त्यांना अनेकदा अशा प्रदर्शनातूनच लागते.

मंचावरची गाडी आणि दारातली गाडी

मारुतीने २०१० च्या ऑटो एक्स्पोमध्ये ‘आर-थ्री’ नावाचा, आसनांच्या तीन रांगा असलेला कौटुंबिक गाडीचा नमुना मांडला होता. त्यातून एप्रिल २०१२ मध्ये ‘अर्टिगा’ बाजारात आली. आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही देवस्थानाच्या वाहनतळावर ती डझनावारी दिसते. आजी-आजोबा, आई-वडील आणि दोन मुले एका गाडीत मावली पाहिजेत, ही मूळ कल्पना दोन वर्षांच्या वाटचालीत टिकली. चकचकाट गळून पडला आणि उपयोगाचे तेवढे उरले.

दुसरे उदाहरण टाटांच्या ‘सिएरा’चे आहे. १९९१ साली आलेल्या मूळ सिएराची मागची, छताकडे वळलेली मोठी काच अनेकांच्या आठवणीत आहे. २०२० च्या ऑटो एक्स्पोमध्ये टाटांनी त्याच नावाचा विजेवर चालणारा नमुना आणला, तेव्हा मागच्या बाजूला ऐसपैस बैठकीची मांडणी होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिएरा प्रत्यक्ष विक्रीला आली ती सुरुवातीला पेट्रोल आणि डिझेल इंजिनांसह, चार नेहमीचे दरवाजे आणि मागे तिघांचे सलग आसन घेऊन.

यात फसवणूक झाली, असे मला वाटत नाही. विक्रीच्या गाडीला ज्या कसोट्यांतून जावे लागते, त्या मंचावरच्या गाडीला नसतात. पुण्यातल्या ‘एआरएआय’सारख्या वाहनांची चाचणी करणाऱ्या संस्थांकडून तिला प्रमाणपत्र घ्यावे लागते. कंपनीने गाडी ‘भारत एनकॅप’ या सुरक्षा-चाचणीसाठी दिली, तर ती ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून आतल्या पुतळ्यांना किती इजा होते, हे मोजले जाते. एकमेकांकडे तोंड करून बसणारी, फिरणारी आसने अशा धडकेत सुरक्षित ठेवणे फार कठीण आणि फार महाग असते, कारण पट्टे आणि हवेच्या पिशव्या यांची सगळी गणिते माणूस पुढे तोंड करून बसला आहे, असे धरून केलेली असतात.

रस्त्याकडेची हॉटेले जिथे आहेत, तिथेच का आहेत?

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. मराठीत आपण ज्याला सरसकट ‘हॉटेल’ म्हणतो, त्यात राहण्याची सोय असतेच असे नाही. बाकडी, चहाचे पातेले, तळणीची कढई आणि गल्ल्यावर बसलेला मालक एवढ्यावर ते पूर्ण होते. अशी हॉटेले रस्त्यावर समान अंतरावर विखुरलेली नसतात. ती फाट्यांवर, घाटाच्या पायथ्याशी, घाटमाथ्यावर आणि एसटीच्या थांब्यांवर दाटीने आढळतात.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण रस्त्यावर नसून रेल्वेमार्गावर आहे. बोरघाटात लोहमार्गाला दर ३७ मीटरला १ मीटर इतका चढ आहे. हा चढ एकट्या इंजिनाला झेपत नसल्याने पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडली जातात. ती जोडायला काही मिनिटे लागतात आणि त्या काही मिनिटांवर कर्जतचा बटाटेवडा नावारूपाला आला. डब्याच्या दाराशी गर्दी होते, कागदात गुंडाळलेला वडा आणि त्यावरची लसणाची कोरडी चटणी हातोहात आत पोचते, सुट्या पैशांची देवाणघेवाण गाडी हलेपर्यंत चालू राहते. वड्याची चव खरीच, परंतु तो ज्या ठिकाणी विकला जातो ते ठिकाण इंजिनाच्या मर्यादेने ठरवले आहे.

रस्त्यावरही हेच झाले. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन जेमतेम चाळीस अश्वशक्तीचे होते. चार-पाच माणसे, टपावर सामान आणि उन्हाळ्याची दुपार, अशा अवस्थेत बोरघाट चढताना रेडिएटरमधले पाणी उकळू लागे. मग बॉनेट उघडून गाडी सावलीला उभी करायची, झाकणाला ओले फडके लावून ते जपून फिरवायचे, वाफ निघून गेली की हळूहळू पाणी ओतायचे. तोवर घरची मंडळी समोरच्या हॉटेलात बसलेली असत. खोपोली, खंडाळा, लोणावळा इथल्या आणि कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंतच्या हॉटेलांच्या भरभराटीत तापलेल्या इंजिनांचा वाटा मोठा आहे. पळस्पे फाट्याचे कारण थोडे वेगळे होते: तिथे पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता वेगळा होतो, आणि मुंबईची गर्दी मागे टाकल्यावर पहिल्यांदा सैल होऊन बसण्याची ती जागा होती. साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, कोकम सरबत हे घरगुती पदार्थ तिथे प्रवासाचे पदार्थ झाले.

एसटीने या सगळ्याला शिस्त आणली. ‘गाडी दहा मिनिटे थांबेल’ ही वाहकाची हाक म्हणजे हॉटेलमालकाच्या दृष्टीने पन्नास गिऱ्हाइकांची हमी असते. महामंडळाने अधिकृत थांब्यांवर ३० रुपयांत चहा-नाश्ता देण्याचे बंधन हॉटेलांवर घातले. गिऱ्हाईक आणून देण्याच्या बदल्यात किमतीची अट घालण्याचा हा व्यवहार लक्षात ठेवावा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

नव्या रस्त्याने काय बदलले?

समृद्धी किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हे ‘प्रवेश-नियंत्रित’ रस्ते आहेत. याचा साधा अर्थ असा, की या रस्त्यावर ठरावीक ठिकाणीच चढता आणि उतरता येते. रस्त्याच्या दोन्ही कडांना कुंपण किंवा भिंत असते आणि शेजारच्या शेतातून, गावातून थेट रस्त्यावर येता येत नाही. सुरक्षिततेसाठी हे आवश्यक आहे. ताशी १२० किलोमीटरने येणाऱ्या गाडीसमोर बैलगाडी किंवा उलट्या दिशेने येणारी दुचाकी अचानक आली, तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

परंतु याच भिंतीमुळे जुन्या अर्थाने रस्त्याकडेचे हॉटेल तिथे असूच शकत नाही. जुन्या रस्त्यावर ज्याची जमीन रस्त्याला लागून होती, तो छप्पर टाकून धंदा सुरू करू शकत असे. नव्या रस्त्यावर खाण्याची जागा शासनाने आखलेल्या सुविधा-केंद्रातच असते आणि ते केंद्र निविदा काढून चालवायला दिले जाते. समृद्धीवर ही केंद्रे रस्त्याच्या मागून आली. त्यामुळे सुरुवातीच्या काळात खाण्याच्या आणि स्वच्छतागृहांच्या अपुऱ्या सोयींबद्दल प्रवाशांनी वारंवार तक्रारी केल्या. मेहकर, सिंदखेडराजा, जालना, वैजापूर ही गावे रस्त्यापासून दूर नाहीत, तरीही भरधाव निघालेल्या कुटुंबाला ती दिसतही नाहीत.

त्यात इंजिनेही सुधारली. आजची साधी गाडीसुद्धा एसी चालू ठेवून बोरघाट चढते आणि तिचे तापमान जागचे हलत नाही. यंत्राची गरज संपली, रस्त्याने वाट बंद केली, आणि थांबणे हे कुटुंबाच्या इच्छेवर येऊन पडले. प्रवास लवकर संपवण्याची घाई असली, की ही इच्छा नेहमीच मागे पडते. मुंबई-गोवा महामार्गावर घडले ते याहून वेगळे: तिथे चौपदरीकरणाच्या वर्षानुवर्षे लांबलेल्या कामात अनेक हॉटेलांचे अंगणच गेले, आणि समोरच्या बाजूने येणाऱ्या गिऱ्हाइकाला दुभाजकामुळे वळता येईना.

गाडीलाच दिवाणखाना करण्याचा प्रयत्न

बाहेर थांबणे कमी झाले, तेव्हा गाडीच्या आतच विसाव्याची सोय करावी, असा विचार कौटुंबिक कॉन्सेप्ट कारमध्ये ठळकपणे दिसू लागला. सपाट जमीन, मागे सरकणारी आसने, मोठा पडदा, काचेचे छत. विजेच्या गाडीत हे शक्य होते, कारण इंजिन आणि मधला फिरता दांडा नसतो. बॅटरी जमिनीखाली सपाट पसरलेली असते आणि वरची जागा मोकळी होते. एप्रिल २०२२ मध्ये टाटांनी दाखवलेली ‘अविन्या’ असो किंवा त्याच वर्षी १५ ऑगस्टला महिंद्राने इंग्लंडमध्ये मांडलेले विजेच्या गाड्यांचे नमुने असोत, आतल्या मोकळ्या जागेचा अभिमान सर्वांत आहे.

ही रचना आकर्षक आहे, हे मला मान्य आहे. तरीही आपल्या रस्त्यांवर एक अडचण उरतेच, आणि ती प्रत्येक घराला माहीत आहे: मुलांना गाडी लागते. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिला वळणे जाणवत असतात आणि डोळे मात्र समोरच्या पडद्यावर किंवा स्थिर आसनावर खिळलेले असतात. दोन्हींकडून मेंदूला मिळणारी माहिती जुळत नाही आणि मळमळू लागते. मागे तोंड करून बसलेल्याला पुढचे वळण दिसत नसल्याने त्रास आणखी वाढतो. कशेडी किंवा आंबोलीच्या घाटात दिवाणखान्यासारख्या बैठकीवर बसून चित्रपट पाहणे हे बहुतेक मुलांना झेपणारे नाही. अशा मुलाला बरे वाटते ते गाडीतून उतरल्यावर, मोकळ्या हवेत चार पावले चालल्यावर आणि लिंबू-मिठाचे सरबत पोटात गेल्यावर. चालकाचेही तसेच आहे. सरळ, एकसुरी रस्त्यावर तासन्‌तास गाडी चालवल्याने येणारी गुंगी आसन कितीही मऊ असले तरी टळत नाही.

बॅटरीने परत आणलेला थांबा

इथे थोडे आकडे समजून घ्यावे लागतील. विजेचे बिल ज्या ‘युनिट’मध्ये येते, त्याच युनिटमध्ये बॅटरीची क्षमता मोजतात. महिंद्राच्या ‘एक्सईव्ही नाइन-ई’ या चाकणमध्ये बनणाऱ्या गाडीच्या मोठ्या बॅटरीत ७९ युनिट मावतात. २०२२ च्या नमुन्यांपैकीच एकातून ती गाडी घडली आहे. युनिट किती वेगाने भरले जातात, ते ‘किलोवॅट’ सांगतो: ६० किलोवॅटचे यंत्र एका तासात जास्तीत जास्त ६० युनिट भरते.

लांबच्या प्रवासात कुणी बॅटरी पूर्ण रिकामी करत नाही आणि रस्त्यात ती काठोकाठ भरतही नाही. साधारणपणे २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत भरतात, कारण त्यापुढे बॅटरीच्या आरोग्यासाठी वेग मुद्दाम कमी केला जातो आणि शेवटचे २० टक्के बराच वेळ खातात. ७९ युनिटांच्या बॅटरीसाठी हा मधला हिस्सा सुमारे ४७ युनिटांचा होतो. घरच्या ३ किलोवॅटच्या सॉकेटवर त्याला पंधरा-सोळा तास लागतील, ३० किलोवॅटच्या यंत्रावर दीड तासाहून थोडा अधिक, आणि ६० किलोवॅटच्या यंत्रावर पाऊण ते एक तास. सुमारे १८० किलोवॅटच्या यंत्रावर २० मिनिटे पुरतात, असा कंपनीचा दावा आहे. एवढ्या ताकदीची यंत्रे आज रस्त्यावर कमी आहेत.

याला रस्त्याच्या वेगाची जोड द्यावी लागते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ८० ऐवजी १२० किलोमीटरने गेल्यास हवा कापण्यासाठी प्रत्येक किलोमीटरमागे सव्वादोन पट ऊर्जा खर्ची पडते. त्यामुळे समृद्धीवर वेगाची मर्यादा गाठून चालणाऱ्या गाडीची बॅटरी जाहिरातीतल्या आकड्याच्या बऱ्याच आधी थांबा मागते. नागपूरहून मुंबईला निघालेल्या कुटुंबाला आजच्या विजेच्या गाडीत किमान एकदा, आणि छोटी बॅटरी असेल तर दोन-तीनदा, अर्धा-पाऊण तास थांबणे भाग आहे.

अर्धा-पाऊण तास म्हणजे नेमका एका जेवणाचा वेळ. तापलेल्या पद्मिनीने जेवढा वेळ खोपोलीच्या हॉटेलाला मिळवून दिला होता, तेवढाच वेळ बॅटरी पुन्हा मिळवून देत आहे. पेट्रोलपंपावर पाच मिनिटांत टाकी भरून निघणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा हे गिऱ्हाईक हॉटेलासाठी कितीतरी मोलाचे आहे.

‘फूड मॉल असताना जुन्या हॉटेलांची चिंता कशाला?’

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला भावनेच्या भरात उत्तर देणे बरोबर होणार नाही. जुन्या हॉटेलांचा सर्वांत मोठा दोष स्वयंपाकघरात नव्हता, मागच्या बाजूला होता. स्वच्छतागृह नसणे, असल्यास कडी नसणे, पाणी नसणे, यामुळे बायका प्रवासात दिवसभर पाणी पिणे टाळत आल्या आहेत. कित्येक घरांत आजही प्रवासाची आखणी ‘स्वच्छ जागा कुठे आहे’ यावरून होते. द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलने हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

पण फूड मॉलमधला गाळा भाड्याने घ्यावा लागतो. ते भाडे पदार्थाच्या किमतीत चढते आणि ते परवडणारे विक्रेते बहुधा तेच ते, सर्वत्र शाखा असलेले असतात. परिणामी ७०१ किलोमीटरच्या प्रवासात वऱ्हाडातली झुणका-भाकर, मराठवाड्यातला ठेचा आणि नाशिककडची मिसळ लागायला हवी, तिथे ठिकठिकाणी तोच पिझ्झा आणि तोच सँडविचचा फलक दिसतो. आणखी महत्त्वाचे म्हणजे, ज्या गावांच्या जमिनी या रस्त्यासाठी गेल्या, त्या गावांतल्या माणसाला या रस्त्यावरच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याचा जुना, कमी भांडवलाचा मार्ग उरलेला नाही. माझ्या मते खरी हानी इथे आहे.

‘पाच मिनिटांत बॅटरी भरू लागली, तर?’

मार्च २०२५ मध्ये बीवायडी या चिनी कंपनीने पाच मिनिटांत सुमारे ४०० किलोमीटरची धाव भरणारी यंत्रणा जाहीर केली. त्यासाठी १,००० किलोवॅट ताकदीचे यंत्र लागते. तंत्र खरे आहे, आणि ते इथेही कधीतरी येईल. परंतु अशा यंत्रावर एका वेळी चार गाड्या लावायच्या, तर एखाद्या मोठ्या कारखान्याएवढी वीज त्या एका ठिकाणी आणावी लागेल; उपकेंद्र, उच्चदाबाच्या वाहिन्या आणि वीजबिलातला स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असला तरी भरावी लागणारी ठरावीक रक्कम, हे सगळे आले. मोठ्या शहरांलगत ते लवकर होईल. बुलढाणा किंवा वाशीम जिल्ह्यातल्या रस्त्यावर मध्यम ताकदीची यंत्रे बरीच वर्षे राहतील, असा अंदाज करणे अवास्तव नाही.

‘विजेच्या गाड्या आहेतच किती?’

आज विकल्या जाणाऱ्या दर शंभर नव्या गाड्यांत विजेच्या गाड्या मोजक्याच असतात, त्यामुळे उद्यापासून हॉटेलांचे दिवस पालटतील, असे कुणी समजू नये. महाराष्ट्रातली बरीच कुटुंबे सीएनजीकडे वळली आहेत, आणि तिथेही पंपावरची रांग व गॅस भरताना सर्वांनी खाली उतरण्याचा नियम यांमुळे एक सक्तीचा थांबा असतोच. मात्र त्या थांब्यावर बसायला जागा आणि प्यायला पाणी क्वचितच मिळते. गाड्या वाढेपर्यंत वाट पाहण्यात धोका असा, की तोवर चांगल्या जागांवरची चार्जिंगची यंत्रे मोठ्या कंपन्यांच्या आवारात बसून गेलेली असतील. जागा एकदा ठरली की ती पन्नास वर्षे बदलत नाही. पळस्पे आणि कर्जत यांनी हे दाखवून दिलेच आहे.

हॉटेलमालकाला काय लागेल?

कायद्याची अडचण फारशी नाही. गाडी चार्ज करून देणे ही वीजविक्री नसून सेवा आहे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, त्यामुळे त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. महामार्गांवर दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर चार्जिंगची सोय असावी, असे केंद्राचे मार्गदर्शक धोरणही आहे.

खरी अडचण विजेच्या जोडणीची आहे. फ्रीज, मिक्सर, पंखे आणि दिवे मिळून साध्या हॉटेलाला काही किलोवॅटचा मंजूर भार पुरतो. ६० किलोवॅटचे एक यंत्र लावायचे, तर गावातल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, तेवढी शिल्लक क्षमता नसते आणि नवा ट्रान्सफॉर्मर बसवण्याचा खर्च एकट्या मालकाच्या आवाक्याबाहेर जातो. यंत्राची किंमत वेगळी. गाड्या कमी असताना हे पैसे वसूल व्हायला वर्षे लागतील, आणि कोणतीही बँक हा हिशेब विचारणारच.

म्हणून जोडणीच्या खर्चाचा हा भार सार्वजनिक पैशातून उचलला जावा आणि त्याच्या बदल्यात अटी घातल्या जाव्यात, असे मला ठामपणे वाटते. एसटीने अधिकृत थांब्यांशी केला, तसाच हा व्यवहार आहे. शासनाने ट्रान्सफॉर्मर आणि जोडणी द्यावी. हॉटेलाने दिवसरात्र स्वच्छ, कडी-पाणी असलेले स्त्रियांसाठीचे वेगळे स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, भिंतीवर लावलेले दरपत्रक आणि गाडी चार्ज होईपर्यंत काही न घेताही बसण्याची मुभा द्यावी. अट मोडली, तर जोडणीची सवलत जावी. चार मालकांनी एकत्र येऊन फाट्यावर एकच यंत्र चालवले, तर खर्च आणखी कमी होईल. दूध संघ आणि पतसंस्था चालवणाऱ्या गावांना हे अवघड नाही.

समृद्धीवर टोल अंतराच्या हिशेबाने घेतला जातो. त्यामुळे मध्येच उतरून, तीन-चार किलोमीटरवरच्या जुन्या रस्त्यालगत जेवून पुन्हा वर चढले, तर खिशावर मोठा भुर्दंड पडत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोल ठरावीक नाक्यांवर घेतला जातो, त्यामुळे तिथे हा हिशेब वेगळा राहील. समृद्धीवर आज कुटुंबे उतरत नाहीत, याचे मोठे कारण भिंतीपलीकडे काय आहे ते त्यांना कळत नाही, हे आहे. उतरण्याच्या मार्गाआधी दोन किलोमीटरवर एक फलक लावता येईल. पुढच्या गावात किती ताकदीची किती यंत्रे मोकळी आहेत, स्वच्छतागृह कोणत्या हॉटेलात आहे, आणि रात्री किती वाजेपर्यंत चूल चालू असते, एवढी माहिती त्यावर असली, तरी मेहकरच्या हॉटेलवाल्याला आणि नागपूरहून निघालेल्या त्या गाडीतल्या मुलांना ती पुरेशी आहे.